उद्यापन नसलेलं व्रत

वाचकाचं पत्र, थोडक्यात: नाशिकच्या एका ताईंनी लिहिलंय. वय 37, पतसंस्थेत नोकरी, मुलगा तिसरीत. दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत सासूबाई झोपतात. लॉकडाऊनमध्ये चुलतभावाच्या नादाने त्या एका ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये शिरल्या आणि रमल्या. तिथे हजारो खेळाडूंचं एकच जग असतं, प्रत्येकाचं आपलं एक पात्र. कुणी पुढे उभं राहून मार खातं, कुणी मारतं, कुणी बाकीच्यांना जगवतं. ताई जगवणाऱ्या, म्हणजे हीलर. सर्व्हर युरोपातला, आणि गिल्ड, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांची टोळी, तीही तिथलीच. ज्यांनी त्यांना हीलिंग शिकवलं त्या स्कॉटलंडच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. पहाटे कुत्र्याला फिरवायला नेण्याआधी त्या थोडा वेळ लॉगिन करतात. ताई रात्री घर झोपलं की तासभर खेळतात आणि आठवड्यातून दोनदा गिल्डच्या रेडला, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायच्या मोठ्या लढाईला, जातात. दिवाळीनंतर रेडची हजेरी घसरली. एका गुरुवारी ऐन लढाईत मुलगा तापाने रडत उठला, ताई काही न सांगता उठून गेल्या आणि 12 जणांची अख्खी टोळी मेली. गिल्डच्या म्होरक्याने डिस्कॉर्डवर, म्हणजे त्यांच्या ग्रुप चॅटवर, सगळ्यांदेखत लिहिलं, ‘कॅज्युअल लोकांनी रेडला येऊच नये.’ दुसऱ्या दिवशी ताईंचा गिल्डमधला हुद्दा खाली आला होता. नवरा म्हणाला, ‘गेमच आहे ना, सोडून दे.’ दोन आठवडे त्यांनी लॉगिन केलेलं नाही. त्या विचारतात: ‘मी फार मागे पडलेय. रजा टाकून सगळं भरून काढू, की पात्र डिलीट करून मोकळी होऊ? आणि या वयात गेमवरून रडू येतं, याची लाज वाटते.’

ताई,

तुमच्या पूर्ण पत्रात ‘मागे पडले’ हे शब्द सहा वेळा आलेत. मोजले मी. कुणाच्या मागे, ते मात्र एकदाही आलेलं नाही.

आधी माझी ओळख सांगते, म्हणजे हा सल्ला किती तोलायचा ते तुम्हाला ठरवता येईल. 2006 मध्ये मी पुण्यात शिकत होते. होस्टेलच्या कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत मी रुनस्केप नावाचा असाच एक ऑनलाइन गेम खेळायचे. तो ब्राउझरमध्येच चालायचा, काही इन्स्टॉल करावं लागायचं नाही, त्यामुळे कॅफेवाले काका कुरकुरत नसत. माझा उद्योग ठरलेला: पोर्ट सारिमच्या धक्क्यावर 30 नाणी मोजायची, बोटीने कराम्जा बेटावर जायचं आणि लॉब्स्टर पकडायचे. पिशवीत 28 कप्पे. एकात सापळा, एकात परतीच्या भाड्याची नाणी, म्हणजे एका खेपेला 26 लॉब्स्टर. त्या धक्क्याजवळ बँक नव्हती. पिशवी भरली की पुन्हा बोट, पुन्हा चालत ड्रेनॉरच्या बँकेपर्यंत. ऐकायला हे हमालीसारखं वाटतं आणि होतीच ती हमाली. पण त्या धक्क्यावर आणखी सात-आठ जण सापळे टाकून उभे असायचे. कुणी परीक्षेबद्दल बोलायचं, कुणी आईच्या ऑपरेशनबद्दल. मला आठवतात ते ते लोक. लॉब्स्टर किती झाले ते आठवत नाही.

त्या खेळात तेव्हा कुठल्याही कौशल्याची सर्वोच्च लेव्हल 99 होती. तिथवर पोचायला 1,30,34,431 गुण लागतात. आणि 92व्या लेव्हलला लागतात 65,17,253. म्हणजे 92 गाठलीत की अर्धी वाट संपली, उरलेली अर्धी शेवटच्या सात पायऱ्यांत. रुनस्केप खेळणारी माणसं हे एकमेकांना हसत हसत सांगतात. मी साठाव्या लेव्हलच्या पुढे कधी गेलेच नाही. तुमच्या म्होरक्याच्या हिशेबाने मी कॅज्युअलमधलीही तळाची.

तुमच्या गेममध्ये बहुधा वरची लेव्हल केव्हाच गाठून झाली असेल, आता सगळी धाव चिलखताच्या आकड्यांमागे असेल. दर काही महिन्यांनी नवा पॅच, म्हणजे गेममध्ये नवी भर, येतो, नवं चिलखत येतं आणि गेल्या मोसमात रात्री जागून मिळवलेलं जुनं होतं. रोजची ठरलेली कामं, म्हणजे डेली, मग आठवड्याची कामं, मोसमाचा पास. एखादं व्रत घेतलं तर सोळा सोमवारांनंतर त्याचं उद्यापन असतं. सवाष्णी जेवतात, आपण सुटतो. या गेमना उद्यापन नाही. ते मुद्दामच वगळलेलं आहे, कारण महिन्याची वर्गणी किंवा दुकानातली खरेदी तुमच्या परत येण्यावर चालते. म्हणून रजा टाकून ‘भरून काढायचं’ म्हणता ना, ते भरणार नाही. चार दिवस रजा टाकाल, आकडा वर जाईल, पुढचा पॅच येईल आणि पुन्हा हेच पत्र लिहाल. तुमची शिल्लक रजा उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी ठेवा.

मागे पडण्याची भावना किती घडवलेली असते, याचा एक किस्सा गेम बनवणारे स्वतःच सांगतात. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट 2004 मध्ये बाजारात येण्याआधी त्याची चाचणी चालू होती. लोकांनी सलग तासन्‌तास खेळू नये म्हणून बनवणाऱ्यांनी असा नियम केला की काही वेळानंतर मिळणारे गुण निम्मे होतील. खेळाडू भडकले, आम्हाला शिक्षा करता म्हणाले. मग काय केलं? आधीच्या पूर्ण गुणांना ‘विश्रांतीचा दुप्पट बोनस’ म्हटलं आणि नंतरच्या निम्म्यांना ‘नेहमीचे गुण’. आकडेमोड जवळपास तीच. सगळे खूश. पाटी बदलली की तोच माणूस मागे पडलेला असतो किंवा विश्रांती घेऊन ताजातवाना झालेला असतो! तुमच्या दोन आठवड्यांवरही पाटी कुठली लावायची, ते तुमच्या हातात आहे.

आता ‘कॅज्युअल’ या शब्दाकडे येऊ. पतसंस्थेत कॅज्युअल लीव्हला आपण किरकोळ रजा म्हणतो. रजा किरकोळ असते. म्होरक्याने ते विशेषण माणसाला लावलं आणि तुम्ही ते अंगाला लावून घेतलंत.

या शब्दामागे असं गृहीत असतं की खेळायची रीत एकच, मग कुणी ती पुरी पाळतो आणि कुणी अर्धवट. 1978 मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात या गेमचा पूर्वज तयार झाला, नुसत्या टाइप केलेल्या शब्दांवर चालणारा. तो बनवणाऱ्या दोघांपैकी एक, रिचर्ड बार्टल, यांनी 1996 मध्ये खेळाडूंचे चार प्रकार सांगितले आणि त्यांना पत्त्यांचे रंग दिले. चौकट म्हणजे मिळवणारे: लेव्हल, खजिना, आकडा. इस्पिक म्हणजे धुंडाळणारे, इंग्रजीत त्या पत्त्याचं नाव फावडं, म्हणून खणणारे. बदाम म्हणजे माणसांसाठी येणारे. आणि किलवर, म्हणजे सोटा, दुसऱ्याला चोपण्यात मजा घेणारे. तुमच्या चार पानी पत्रात चिलखताबद्दल दोन ओळी आहेत आणि स्कॉटलंडच्या बाईंच्या कुत्र्याबद्दल अर्धं पान. तुमचा रंग मला सांगायला नको. तुमचा म्होरक्या चौकटचा. त्याच्या डावात तुमचा बदाम हलका पडला, एवढंच घडलंय.

पण थांबा. तुमची बाजू घेऊन त्याला खलनायक ठरवणं सोपं आहे आणि ते मी करणार नाही. त्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे.

भजनी मंडळात वीस टाळकरी असतात. त्यातला एक आला नाही तर कुणाच्या लक्षातही येत नाही. पखवाजवाला अभंगाच्या मध्येच उठून गेला तर? त्याच्या घरी काहीही झालेलं असो, अभंग तिथेच पडतो. 12 जणांच्या रेडमध्ये हीलर दोन किंवा तीन. तुम्ही पखवाज घेऊन बसला होतात. त्या अकरा जणांनीही आपापल्या घरी कुणाला तरी ‘आज दोन तास मला हाक मारू नका’ असं सांगून वेळ काढला होता. मुलगा तापाने रडतोय म्हटल्यावर तुम्ही उठलात, त्यात चूक काडीचीही नाही. न सांगता उठलात, ही छोटी चूक. पण खरी अडचण त्याच्याही आधीची आहे: ज्या घरात कुठल्याही क्षणी उठावं लागू शकतं, त्या घरातून तुम्ही अशी जागा घेतलीत जिथून उठता येत नाही. गेमचं तुम्ही काही देणं लागत नाही. डेली बुडाल्या तर कुणाचं नुकसान नाही. माणसांना दिलेला शब्द मात्र खरा असतो, मग तो टाइप केलेला का असेना. म्हणून शब्द कमी द्या. हा माझा मुख्य सल्ला, बाकीचं तपशील.

त्याची उरलेली अर्धी बाजू मात्र साफ चूक. बोलायचं होतं तर खासगीत बोलायचं. सगळ्यांदेखत अपमान करायचा आणि वर न विचारता हुद्दा काढून घ्यायचा, असं साहेबाने ऑफिसात केलं असतं तरी तुम्हाला रडू आलंच असतं, आणि तेव्हा वयाचा प्रश्न तुमच्या मनात आला नसता. रडू गेमवरून आलेलं नाही, चारचौघांत बोलणी खाल्ल्याचं आहे. लाज वाटायचीच तर ज्याने ते लिहिलं त्याला वाटू दे.

आणि आता मला तुमच्या पत्रात सापडलेली एक गंमत. तुम्ही लिहिता, ‘दिवाळीनंतर माझी हजेरी घसरली, का कुणास ठाऊक, आळस वाढलाय.’ ताई, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात. तुमची रेड सर्व्हरच्या घड्याळाने रात्री आठला असते. उन्हाळ्यात ते आपले साडेअकरा वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेबारा. दोन तासांची रेड दीडला संपायची ती अडीचला संपायला लागली. तुम्ही डब्यासाठी साडेपाचला उठता. चार तासांची झोप तीन तासांवर आली आणि तुम्ही त्याला आळस म्हणताय! तिथल्या एकाही माणसाच्या हे ध्यानात आलं नसेल, कारण त्यांच्या भिंतीवर आठच वाजतात. आपल्याकडून परदेशी सर्व्हरवर खेळणाऱ्या सगळ्यांनी हे एकदा कागदावर मांडून बघावं. निम्म्या ‘मन लागत नाही’चं उत्तर तिथे सापडेल.

मग करायचं काय?

डिलीट करू नका. काही गेममध्ये पुसलेलं पात्र परत मिळतं, काहींत नाही. रागात केलेल्या गोष्टीची अशी परीक्षा कशाला घ्यायची? सोडायचंच असेल तर नुसतं सोडा. वर्गणी थांबवा, दार ओढून घ्या. वर्गणीवरून आठवलं, तुम्ही ‘पैसे भरलेत म्हणून तरी’ असंही लिहिलंय. खानावळीत महिन्याचे पैसे भरलेत म्हणून पोट बिघडलेलं असताना कुणी जेवायला जात नाही. फायनल फँटसी चौदावर काम करणारे नाओकी योशिदा तर जाहीरपणे सांगतात की कंटाळा आला तर थांबा, दुसरं काही खेळा, नवं काही आलं की परत या. हा तोच गेम जो 2010 मध्ये आला तेव्हा सपशेल आपटला होता आणि पुन्हा घडवून 2013 मध्ये आणावा लागला. पडून उठलेल्या माणसाला विश्रांतीची किंमत कळत असावी, असं आपलं माझं मत.

रेड हवीच असेल तर जागा बदला. पखवाज खाली ठेवा, टाळ घ्या. म्हणजे मोठ्या रेडमध्ये मारणाऱ्यांच्या घोळक्यात जा. तिथून एक कमी झाला तर लढाई लांबते, पण बहुतेक वेळा कोसळत नाही. किंवा राखीव म्हणून नाव द्या: कुणी आलं नाही तर, आणि पहिल्या तासापुरतीच. हीलिंग आवडतं म्हणता, तर ते चार-पाच जणांच्या छोट्या फेरीत करा. ती अर्ध्या तासात आटोपते. मध्येच उठावं लागलं तर चार जणांचीच माफी मागायची असते, तीही ओळखीच्या.

गिल्ड बदलायची असेल तर घड्याळ बघून बदला. सिंगापूरचे आठ म्हणजे आपले साडेपाच, आणि तेव्हा तुम्ही पतसंस्थेत. सिडनीचे आठ म्हणजे आपली दुपार, अडीच किंवा साडेतीन, म्हणजे शनिवार-रविवारीच शक्य. पण सर्व्हर बदलला की स्कॉटलंडच्या बाई तिकडे राहतील. बदामवाल्यांना हा सौदा महागच पडतो.

गेम बदलायचा का, असंही ओझरतं विचारलंय तुम्ही. बघायला हरकत नाही. गिल्ड वॉर्स 2 हा 2012 पासून आहे, मासिक वर्गणी नाही आणि वरची लेव्हल तेव्हाही 80 होती, आजही 80. सहा महिन्यांनी गेलात तरी तुमचं चिलखत भंगारात निघालेलं नसतं. खुद्द वॉरक्राफ्टमध्ये सुरुवातीला मोठ्या रेडला 40 माणसं जमवावी लागत, 2007 मध्ये ती 25 झाली, 2011 च्या अखेरीस अनोळखी लोकांची रेड गेमच जुळवून द्यायला लागला, आणि 2024 पासून एकट्याने किंवा पाच जणांपर्यंत खेळता येतील अशा डेल्व्ज आल्या. म्हणजे ज्यांना ‘येऊच नये’ म्हणतात त्यांच्यासाठी ही मंडळी वीस वर्षं एकेक दार उघडत आली आहेत. तुमच्या म्होरक्याला ते ठाऊक नसेल असं नाही.

आता व्हॉइस चॅटचा, म्हणजे खेळताना माइकवर बोलण्याचा, प्रश्न. सासूबाई शेजारच्या खोलीत झोपलेल्या असताना रात्री एकला ‘हील मी, हील मी’ कोण ओरडणार? ‘मी ऐकते, बोलत नाही’ असं पहिल्याच दिवशी सांगून टाकायचं. एका कानात इअरफोन, दुसरा कान घराकडे. पुष्कळ गिल्ड हे चालवून घेतात. जी घेत नाही ती तुमच्यासाठी नव्हतीच. आणि बऱ्याच गेममध्ये चॅटचं एखादं वाक्य एका बटणावर बांधून ठेवता येतं. ‘घरी गरज आहे, मी उठतेय, माफ करा’ हे वाक्य आजच बांधा. त्या गुरुवारी ते असतं तर मला हे पत्र आलं नसतं.

म्होरक्याला लिहायचं का? लिहा, खासगीत, आणि चारच ओळी. ‘त्या रात्री मुलाला ताप होता, न सांगता उठले, त्याबद्दल माफी. पण जे सांगायचं ते तू मला एकटीला सांगायला हवं होतंस. तुमचे आठ म्हणजे माझे रात्रीचे साडेबारा, म्हणून यापुढे मी राखीव म्हणून, पहिल्या तासालाच येऊ शकते. चालणार असेल तर कळव.’ पाचवी ओळ लिहू नका. पाचव्या ओळीत आपण स्वतःला कमी लेखायला लागतो, मीही लागते. उत्तर आलं नाही तर तेही उत्तरच.

आता यजमान. ‘गेमच आहे ना’ हे त्यांनी धीर द्यायला म्हटलंय, असं मला पत्रावरून वाटतं. त्यांना तुम्ही काय सांगितलंत? ‘मला गेममध्ये खालच्या रँकवर टाकलं.’ यावर दुसरं काय बोलणार माणूस? चार वर्षं जिच्याशी बोलता त्या बाईंबद्दल त्यांना काही माहीत आहे का? कुत्र्याबद्दल? एकदा शेजारी बसवून घ्या त्यांना, रेड दाखवायला नव्हे, नुसतं भटकायला. एखादा डोंगर, एखादं गाव. झोपेबद्दल मात्र ते काही बोलले असतील तर त्यांचं ऐका.

सासूबाईंना ‘ऑनलाइन गेम’ म्हणजे रमीच वाटते आणि त्या देवापुढे दिवा लावताना तुमच्यासाठी वेगळं मागणं मागतात, हे वाचून हसले मी. पण त्यांची भीती पोकळ नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने कायदा करून बंदी आणली, ती घरंच्या घरं बुडाली म्हणूनच. तुमच्या गेममध्ये पैसे लावून पैसे जिंकायचे नसतात, एवढं त्यांना सांगा. मात्र नशिबावर उघडणाऱ्या पेट्या विकत घ्यायची सवय लागली असेल तर ती तोडा. तिथे सासूबाईंचं मागणं रास्तच आहे.

शेवटी एक तपासणी, तुमच्यासाठी आणि हे वाचून स्वतःबद्दल शंका आलेल्या सगळ्यांसाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत 1 जानेवारी 2022 पासून गेमिंगचा विकार आहे. त्यात तास मोजत नाहीत. खेळणं हाताबाहेर जातंय का, बाकी सगळ्या गोष्टींच्या वर ते बसलंय का, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही का, आणि हे साधारण वर्षभर चाललंय का, असं विचारतात. तुम्ही मुलाच्या रडण्याला लढाई सोडून उठलात आणि दोन आठवडे लॉगिनही केलं नाहीत. तुमची मला काळजी नाही. पण ज्यांना ही चारही वाक्यं ओळखीची वाटली, त्यांनी मला पत्र लिहिण्याआधी डॉक्टरांना गाठावं.

एक काम या रविवारीच करा. स्कॉटलंडमध्ये हिवाळ्यात पहाटेचे सहा म्हणजे आपले साडेअकरा. रविवारचा स्वयंपाक उरकलेला असेल, मुलगा खाली खेळायला गेलेला असेल. लॉगिन करा, डिस्कॉर्ड उघडू नका, डेलींची यादी बघू नका. तुम्ही लिहिलंय ना, त्यांनी तुम्हाला पहिल्यांदा मासे पकडायला शिकवलं ते तळं? तिथे जाऊन गळ टाका आणि त्यांना निरोप धाडा. कुत्र्याचं कसं चाललंय ते मलाही कळवा.